पानातील विकरे आणि जस्ताचे काम



आज जस्ताविषयी बोलावयाचे आहे, पण सुरुवात खताच्या गोणीपासून नको, पानाच्या आतून करू. पेशीत प्रथिने कोणती बनवावयाची, हा निरोप आरएनए नावाचा धागा नेतो. काम झाले की विकरे हा धागा कापतात. त्यांपैकी कित्येकांना मॅग्नेशियमचे आयन लागतात. ज्वारीचे ताट डाव्या मुठीत धरले की उजव्या हातातला विळा चालतो. तसे हे आयन धागा धरून ठेवतात आणि पाण्याच्या रेणूकडून त्याचा सांधा तोडवितात.

जस्ताचे निराळे. ते धागा विणणाऱ्या विकरात असते. जस्त कमी पडले की विणकाम मंदावते आणि कापणाऱ्या विकरांचा जोर मात्र वाढतो. प्रथिने घटतात, पेरे आखूड राहतात, मोसंबीची नवी पाने बारीक निघतात. आपण युरिया वाढवितो, दुखणे तसेच राहते.

परभणीच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीचा सामू जास्त. त्यामुळे जमिनीत जस्त असूनही मुळांना मिळत नाही. विद्यापीठाने इक्रिसॅटच्या सहकार्याने २०१८ मध्ये दिलेल्या ‘परभणी शक्ती’ ज्वारीच्या दाण्यात लोह व जस्त अधिक असते खरे, पण तिलाही ते जमिनीतूनच उचलावे लागते.

तेव्हा आधी माती तपासून घ्या. कमतरता निघाली तर हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्या. स्फुरदाच्या खतात कालवू नका. उभ्या पिकावर फवारावयाचे झाल्यास १० लिटर पाण्यास ५० ग्रॅम झिंक सल्फेट व २५ ग्रॅम विझलेला चुना घ्या. चुना टाळल्यास पाने करपतात.