यो-योच्या बेअरिंगची निगा

ठाणें स्टेशनाच्या पश्चिमेस असलेल्या नौपाड्यांत एकदां पावसाळा बसला, म्हणजे घरोघर दारें फुगतात, मीठ पाझरतें आणि लोखंडाला तांब चढते. अशा दिवसांत एखाद्या मुलाचा यो-यो करकरूं लागला, किंवा दोरीच्या टोकाशीं फिरत न राहतां लगेच वर उसळूं लागला, कीं घरांतील वडीलधारें माणूस शिवणयंत्राच्या तेलाची कुपी पुढें करतें. हेतु चांगला खरा. पण खेळण्याचा घात बहुधा येथेंच होतो.

चकरी आपल्याकडे नवी नाहीं. अठराव्या शतकांतील उत्तर हिंदुस्थानच्या लघुचित्रांतही ती दिसते. 1928 सालीं पेद्रो फ्लोरेस या मूळच्या फिलिपिनो गृहस्थानें कॅलिफोर्नियांत यो-यो विकण्यास काढला. त्याची दोरी आंसाला बांधलेली नसून आंसाभोंवतीं नुसती वेढलेली होती. त्यामुळें चाक खालीं जाऊन तेथेंच फिरत राहूं लागलें. आंसावर बेअरिंग बसलें तें त्यानंतर बऱ्याच काळानें. आज सर्रास आढळणाऱ्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास 12.7 मिलिमीटर, आंतला 6.35 मिलिमीटर, दोन कड्यांच्या मध्यें बहुधा आठ किंवा दहा पोलादी छरे.

सायकलच्या चाकाला ग्रीस लागतें, कारण त्यावर माणसाचा भार असतो. यो-योचें वजन साठसत्तर ग्रॅम, आणि वेग मात्र मिनिटाला हजारों फेऱ्यांचा. तेथें दाट तेल घातलें, तर त्याच्या चिकटपणामुळें आंसाची गति बाहेरच्या कड्यास लागते, कडें दोरीला ओढतें, आणि यो-यो न बोलावतां वर येतो. शिवाय दोरीचा भुसा व धूळ त्या तेलांत रुततात तीं वेगळींच.

खरा उपाय धुण्याचा आहे. यो-योचे दोन भाग उकलून बेअरिंग बोटांनीं बाहेर काढावें. पकडीनें पिळूं नये. त्यावरचें झांकण बारीक तारेनें अडकवलेलें असल्यास तारेचें एक टोंक सुईनें उचलावें, पण दुसरें बोट वर ठेवावें. नाहीं तर ती तार उडून पलंगाखालीं जाते व दिवसभर सापडत नाहीं. झांकण दाबून बसवलेलें असेल, तर तें उचकटण्याच्या भरीस पडूं नये. मग लहान कांचेच्या बरणींत लायटरचें पेट्रोल किंवा ॲसिटोन घेऊन त्यांत बेअरिंग हलवावें, आणि द्रव स्वच्छ दिसेपर्यंत बदलावा. ॲसिटोन प्लास्टिकला खातें, म्हणून त्यांत फक्त धातूचें बेअरिंगच जावें. हें काम मोठ्या माणसानें, खिडक्या उघड्या ठेवून करावें. त्या वेळीं गॅस पेटलेला नसावा आणि देवघरांतली समईही नसावी. त्या द्रवाची वाफ जमिनीलगत लांबवर पसरते व पेट घेते.

बेअरिंग कापडावर पुरतें वाळवावें. अगदीं कोरडें ठेवल्यास तें पुष्कळ वेळ फिरतें. पण आवाज करतें व लवकर झिजतें. सरावलेल्या खेळाडूनें सुईच्या टोंकावर मावेल इतकेंच पातळ तेल द्यावें. नवख्या मुलाला मात्र थोडें दाट तेलच हिताचें, कारण त्याच्या हिसक्यासरशीं यो-यो परत यावयास हवा. तांबेचे डाग छऱ्यांवर पडले असतील, तर धुण्यानें भागत नाहीं, बेअरिंग बदलावें. आणि पावसाळ्यांत तें घट्ट झांकणाच्या डबींत, औषधाच्या बाटलींत मिळते ती सिलिकाची पुडी घालून ठेवावें.