उन्हाळ्यातला पेहराव: शेत आणि लग्नमांडव
राहुरी परिसरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या आसपास पोहोचतो, तेव्हा कापडाची निवड रंगापेक्षा धाग्याच्या आर्द्रताशोषणावर, म्हणजे ओलावा सामावून घेण्याच्या क्षमतेवर, अधिक अवलंबून असते. सर्वसाधारण हवेत सुती धागा सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, तर पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणूनच कांदाकाढणीला किंवा महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर, म्हणजे प्रयोगांच्या शेतात, सैल, लांब बाह्यांचा सुती पेहराव सोयीचा ठरतो, कारण तो ऊन अडवतो आणि घामही सुकू देतो. लग्नमांडवातली पैठणी मात्र अवघड प्रकरण आहे: रेशीम ओलावा चांगला शोषते, परंतु घट्ट वीण आणि जरीचा पदर वारा अडवतात, त्यामुळे दुपारच्या मुहूर्ताला सुती इरकल नेसून पैठणी संध्याकाळच्या स्वागतसमारंभासाठी राखणे, मानपानाची चर्चा झाली तरी, शहाणपणाचे.