घोरपडे : एका आडनावाचा दक्षिणप्रवास

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या बंगळूर शहरात आपल्यापैकी बहुतेकांना एक अनुभव कधी ना कधी आलेला आहे. मुलाला शाळेत घालावयाचे असते. अर्जावर आपण मोठ्या हौसेने मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही शब्द लिहितो. समोरचे गृहस्थ तो अर्ज वाचतात आणि सौजन्याने विचारतात, ‘यातले नाव कोणते आणि इनिशियल कोणते?’ इकडच्या रीतीप्रमाणे गावाचे एक अक्षर, वडिलांचे एक अक्षर आणि मग स्वतःचे नाव, एवढ्याने माणूस पुरा होतो. आपले तिसरे पाऊल कोठे ठेवावे हे त्यांना कळत नाही. मग कधी आडनावाचे अक्षर होते, कधी त्या जागी नुसते ‘राव’ येते, आणि दोन पिढ्यांनंतर नातू आजोबांना विचारतो, ‘आपले आडनाव खरे काय हो?’

हा प्रश्न ज्या घरात विचारला गेला आणि ज्या घरात त्याला उत्तर देणारे कोणी उरले नव्हते, अशी दोन्ही प्रकारची घरे आम्ही या शहरात पाहिली आहेत. म्हणूनच आजच्या भाषणासाठी आम्ही विषय निवडला तो एका आडनावाचा. ते आडनाव म्हणजे घोरपडे. पाटील, जाधव, शिंदे यांच्याइतके ते सर्वत्र आढळत नाही. परंतु ज्या मार्गाने ते पन्हाळ्याच्या परिसरातून थेट बंगळुराच्या आसपास येऊन पोहोचले, तो मार्ग आपल्या सर्वांचाच आहे.

आडनावाचा अर्थ उघड आहे. घोरपड हा सरड्याच्या जातीचा मोठा प्राणी; आपले कानडी शेजारी त्याला ‘उडा’ म्हणतात. घोरपड म्हटली की आपल्याला तानाजी आणि सिंहगड आठवतो. १६७० च्या त्या रात्री यशवंती नावाची घोरपड कडा चढली, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मुधोळच्या घोरपडे घराण्याची परंपरा मात्र हीच कथा सुमारे दोनशे वर्षे आधीची सांगते. बहामनी सुलतानाचा वजीर महमूद गावान याने १४७० च्या सुमारास खेळणा किल्ला, म्हणजे आजचा विशाळगड, वेढला. त्या वेळी कर्णसिंह आणि त्यांचे पुत्र भीमसिंह यांनी घोरपडीच्या कमरेला दोर बांधून तट चढला, कर्णसिंह पडले, आणि भीमसिंहांना ‘राजे घोरपडे बहाद्दर’ हा किताब व मुधोळची जहागीर मिळाली. त्यापूर्वी हे घराणे भोसल्यांचेच होते, असेही ही परंपरा मानते. ज्या फर्मानांच्या आधारे हे सांगितले जाते त्यांच्या अस्सलपणाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. तेव्हा कथा ही कथा म्हणूनच घ्यावी. तथापि तिच्यातून एक गोष्ट ध्यानात येते. आडनाव हे देवाने दिलेले नसते. एखाद्या प्रसंगाने, एखाद्या गावाने, धंद्याने किंवा किताबाने ते माणसाला चिकटते आणि मग वंशाबरोबर चालू लागते.

आता हे आडनाव नकाशावर पाहू. कोल्हापूर जिल्ह्यात कागल तालुक्यात कापशी आहे. सेनापती संताजी घोरपड्यांच्या घराण्याचे हे ठाणे, म्हणून लोक त्याला सेनापती कापशी म्हणतात. त्याच जिल्ह्यात इचलकरंजी आणि दत्तवाड. तेथून आग्नेयेस, घटप्रभेच्या खोऱ्यात, आजच्या बागलकोट जिल्ह्यात मुधोळ. मलप्रभा ओलांडून पुढे गेले की गदग जिल्ह्यात गजेंद्रगड. तुंगभद्रेच्या दक्षिणेस, बळ्ळारी जिल्ह्यातील डोंगरांच्या कुशीत संडूर. आणि त्याही पलीकडे, आज आंध्र प्रदेशात असलेली गुत्ती. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, तुंगभद्रा अशी एकेक नदी मागे टाकीत हे आडनाव दक्षिणेस उतरले. घोडदळ, जहागीर आणि चौथाई ही त्याची वाहने होती. आपल्या काळात आगगाडी आणि नेमणुकीचा कागद ही वाहने झाली, एवढाच फरक.

बंगळुराशी या आडनावाचा संबंध थोडा कडू आहे आणि थोडा गोडही. १६३८ साली विजापूरच्या फौजेने हे शहर केंपेगौडांच्या वंशजाकडून घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे १६४८ साली जिंजीच्या छावणीत शहाजीराजांना विजापूरच्या सेनापतीने कैद केले, तेव्हा त्या कामी पुढे होते मुधोळचे बाजी घोरपडे. पुढे १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी मुधोळवर चाल करून त्याचा हिशेब पुरा केला. बाजी घोरपडे त्यात मारले गेले. त्याच वर्षाच्या आरंभी शहाजीराजांचे निधन आपल्या कर्नाटकातच, चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे झाले होते.

हे झाले कडू पान. आता दुसरे पान उलटू. १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखान याने बंगळूर घेतले आणि ते तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेले. मराठ्यांचा या शहरावरील अंमल येथे संपला. त्याच कासिमखानाला १६९५ साली आजच्या चित्रदुर्ग जिल्ह्यातील दोड्डेरी येथे गाठून ज्याने पुरता कोंडला तो सेनापतीही घोरपडेच होता. तो म्हणजे संताजी. कासिमखानाचा अंत दोड्डेरीच्या वेढ्यातच झाला. दोन महिन्यांच्या आत संताजींनी बसवापट्टणजवळ हिंमतखानालाही गारद केले. पुढे १६९७ मध्ये संताजी मारले गेले ते शत्रूशी लढताना नव्हे, आपसांतील वैरातून. एकाच आडनावाखाली बाजी आणि संताजी हे दोघेही नांदतात. आडनाव उच्चारून छाती फुगवणाऱ्याने दोन्ही नावे एका दमात घ्यावीत, असे आम्हांला वाटते.

याहून विलक्षण गोष्ट इचलकरंजीची. तेथील जहागीरदारही घोरपडे. पण ते मराठा नव्हेत, कोकणस्थ ब्राह्मण. मूळ पुरुष नारो महादेव, आडनाव जोशी. संताजींच्या आश्रयाने तो वाढला, पराक्रमी झाला आणि धन्याविषयीच्या कृतज्ञतेने त्याने स्वतःचे आडनाव सोडून घोरपडे हे आडनाव घेतले. त्याचा पुत्र व्यंकटराव याला पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची कन्या अनुबाई दिली होती. पेशव्यांच्या लेकीने लग्नानंतर जे आडनाव लावले ते अशा रीतीने कृतज्ञतेचे आडनाव होते. आडनाव रक्तातूनच येते असे मानणाऱ्यांना इचलकरंजीचे हे उदाहरण पुरेसे आहे.

दक्षिणेकडे आणखी उतरू. गुत्तीचे मुरारराव घोरपडे यांनी अठराव्या शतकात अर्काट, तिरुचिरापल्ली, म्हैसूर या सर्वांच्या राजकारणात हात घातला. १७४१ मध्ये मराठ्यांनी तिरुचिरापल्ली घेतली तेव्हा तिचा कारभार त्यांच्याकडे होता. पुढे १७७६ मध्ये हैदरअलीने गुत्तीला वेढा दिला. किल्ल्यावरचे पाणी संपले आणि मुराररावांना शरण यावे लागले. त्यांचा शेवट कब्बालदुर्गाच्या बंदिवासात झाला. हा कब्बालदुर्ग आपल्या कनकपुरा तालुक्यात आहे. आपली मुले रविवारी ज्या डोंगरावर हौसेने चढून येतात, तोच हा. आपल्या आडनावांपैकी एक आडनाव दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी त्या खडकावर येऊन थांबले होते, हे त्यांना कोणी तरी सांगावयास हवे.

पण आडनाव तेथे संपले नाही. संडूरचे छोटे संस्थान त्याच घराण्याकडे राहिले. १९३२ साली तेथील कुमारस्वामींचे प्राचीन मंदिर हरिजनांना खुले करण्यात आले, आणि १९३४ मध्ये महात्मा गांधी संडूरला येऊन गेले. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले. त्या घराण्यातील मुरारराव यशवंतराव घोरपडे १९७० च्या दशकात देवराज अर्स यांच्या मंत्रिमंडळात कर्नाटकाचे अर्थमंत्री होते, आणि वन्यप्राण्यांचे छायाचित्रकार म्हणूनही त्यांची ख्याती झाली. विधानसौधात त्यांना लोक एम. वाय. घोरपडे म्हणत. येथे एक बारकावा पाहण्याजोगा आहे. इकडच्या रीतीप्रमाणे त्यांचे व वडिलांचे नाव अक्षरांत गेले, पण आडनाव पुरे उरले. आणि त्या ‘एम’ अक्षरात गुत्तीचे मुरारराव अजून बसलेले होते.

सीमांची गंमतही याच आडनावाच्या संगतीने पाहावी. मुधोळ १९४८ मध्ये मुंबई इलाख्यात गेले आणि १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात आले. संडूर प्रथम मद्रासकडे, मग १९५३ मध्ये म्हैसूरकडे. गुत्ती मद्रासमधून आंध्रात. १९७३ मध्ये म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले. माणसे आपल्या जागी होती. राज्ये मात्र त्यांच्यावरून सरकत गेली. ज्या मुधोळला घोरपडे राज्य करीत होते, तेच गाव कन्नड महाकवी रन्नाची जन्मभूमी. त्या गावच्या शिकारी कुत्र्याचे चित्र भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये तिकिटावर छापले. आता हे गाव कोणाचे म्हणावे, मराठीचे की कानडीचे? आम्ही तर म्हणू, ज्याला त्याचा अभिमान वाटेल त्याचे.

उलट दिशेनेही प्रवास झाला आहे. भारताचे सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर जन्मले साताऱ्यास, पण त्यांच्या आडनावात गाव आहे ते कर्नाटकातले. घोरपडे दक्षिणेस गेले आणि त्यांच्याच एका ठाण्याचे नाव आडनाव होऊन उत्तरेस आले. ‘कर’ हा आपला प्रत्यय मोठा उदार आहे. तो कोणत्याही गावाला लागतो, मग त्या गावची भाषा कोणतीही असो.

याच्या विरुद्ध टोकाला काय होते, तेही पाहिले पाहिजे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा येथे दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव हे तंजावरच्या मराठी परंपरेतले. त्यांच्या नावातला ‘टी’ म्हणजे तंजावर. गाव एका अक्षरात राहिले, पण आडनाव नावातून गळून पडले. आणि आपल्या या बंगळुरात १९५० साली एका मराठा घरात जन्मलेला शिवाजीराव गायकवाड पुढे रजनीकांत म्हणून सगळ्या जगाला ठाऊक झाला. परंतु त्याचे आडनाव गायकवाड आहे हे कितीजणांच्या ध्यानात असते? यात दोष कोणाचाच नाही. दक्षिणेत ‘राव’ हा शब्द इतका सोयीचा आहे की त्याच्या आत कितीतरी जाधव, पवार, कदम आणि मोहिते सुखाने विसावले आहेत. ‘राव’ ही पदवी खरी. पण तिच्यावरून माणूस कोठून निघाला ते कळत नाही.

कोणी विचारील, कळून तरी काय करावयाचे आहे? आडनावावरून जात शोधणारी दृष्टी आपल्या समाजाला पुष्कळ महाग पडली आहे, आणि तीच दृष्टी जपावयाची असेल तर आडनावे गेलेलीच बरी. हा आक्षेप आम्ही मोलाचा मानतो. म्हणूनच इचलकरंजीच्या जोश्यांची गोष्ट आम्ही मुद्दाम सांगितली. घोरपडे हे आडनाव एका जातीचे नाही, एका पक्षाचे नाही, एका भाषेचे तर नाहीच. आज संडूर-मुधोळकडच्या घोरपड्यांना कानडी ही परकी भाषा नाही, आणि त्यामुळे त्यांच्या आडनावाचा एक काना-मात्राही कमी झालेला नाही. आडनाव म्हणजे रक्ताचा दाखला नव्हे. ते वाटेची खूण आहे. आपले पूर्वज कोठून निघाले, कोठे थांबले, कोणाच्या उपकाराने जगले, कोणाशी भांडले, एवढे त्यात साठलेले असते. ते टाकले तर इतिहासाचे ग्रंथ राहतील, पण आपल्या घराचे त्यातले पान कोणते ते सापडणार नाही.

मोठ्या घराण्यांची कागदपत्रे असतात, फर्माने असतात, बखरी असतात. तुमच्याआमच्या घरांना ते भाग्य नाही. आपले आजोबा कोणत्या गावाहून, कोणत्या साली, कोणत्या नोकरीसाठी वा दुकानासाठी या शहरात उतरले, हे फक्त आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. आणि गेल्या काही वर्षांत त्यांतील किती खुर्च्या या सभागृहात रिकाम्या झाल्या हे आपण सर्व जाणतो. पन्नास वर्षांचे इतिवृत्त मंडळाने जपले आहे. त्यात वर्गणीच्या नोंदी आहेत, गणेशोत्सवाचे हिशेब आहेत, नाटकांच्या पात्रयोजना आहेत. सभासदांच्या घराण्यांची एकही नोंद मात्र नाही.

तेव्हा सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आमची एकच सूचना आहे. मंडळाने एक जाड वही घालावी. प्रत्येक कुटुंबाने तिच्यात एक पान लिहावे : आडनाव पुरे, अक्षरात नव्हे; मूळ गाव; बंगळुरास प्रथम कोण आले व का; वाटेत कोठे राहिले; घरात आज कोणकोणत्या भाषा बोलतात. ज्यांच्या सुना कानडी वा तमिळ घरांतून आल्या, ज्यांचे जावई तेलुगू आहेत, त्यांनी तेही अभिमानाने लिहावे. कारण तोही त्या वाटेचाच भाग आहे. ज्यांचे आडनाव हरवले असेल त्यांनी ‘हरवले’ असे लिहावे. कदाचित दुसरे कोणी ते वाचून सांगेल की, अहो, हे गाव तर आमचेच!

शाळेच्या अर्जावर मुलाचे नाव कसेही लिहिले जावो. त्यावर आपला हात चालेलच असे नाही. परंतु आजोबांना नातवाने प्रश्न विचारला तर त्याला दाखवावयास एक पान असावे, एवढे तर आपल्या हाती आहे.