वायफाय रुसलं तर मंत्र नको, कारण शोधा



विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आपल्या इथे अमेरिकेत अनेकांच्या कपाटात धडधाकट लॅपटॉप पडून आहेत, ज्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यांवर लिनक्स घाला असं मी सुचवतो, तेव्हा आक्षेप ठरलेला असतो : "पण वायफाय चालत नाही!" मग लोक लिनक्स पुन्हा पुन्हा घालतात, नेटवर सापडलेल्या आज्ञा मंत्रासारख्या टंकतात. अगदी अभियंतेसुद्धा!

त्याऐवजी तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिला, कार्ड बंद तर नाही? 'आरएफकिल' ही आज्ञा ते सांगते. कधी लॅपटॉपच्या कडेचं बटणच बंद असतं. दुसरा, कार्ड नेमकं कोणतं? मॉडेलच्या नावावर जाऊ नका, एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी कार्डं असतात. 'एलएसपीसीआय' या आज्ञेने कार्डाचा क्रमांक आणि त्याला लागलेला ड्रायव्हर, दोन्ही पाहता येतात. तिसरा, फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम, सापडला का? 'डीमेसेज' मधल्या नोंदी वाचा. फर्मवेअरसाठी नेट हवं आणि नेटसाठी फर्मवेअर, हा पेच फोन यूएसबी केबलने जोडून त्याचं नेट वापरलं की बहुधा सुटतो.

हे आज इतकं सोपं आहे, त्यामागे अनेकांचे कष्ट आहेत. ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपांची माहिती खुली नव्हती. तेव्हा स्वयंसेवकांच्या एका गटाने चिप कशी वागते ते उकलून लिहून काढलं. दुसऱ्या गटाने फक्त ते टिपण वाचून ड्रायव्हर लिहिला. तो २००६ साली लिनक्स २.६.१७ मध्ये आला. २०१० साली कंपनीने स्वतःच काही नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला.

फर्मवेअर मात्र बहुतेक कार्डांचं आजही बंदिस्तच आहे. डेबियनच्या मंडळींनी २०२२ साली मतदान घेऊन ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतलं. नको असेल त्याला नाकारायची सोय ठेवली. काहींना ही तडजोड वाटते. मला ती पटते, कारण लॅपटॉप चालला तरच नवा माणूस मुक्त सॉफ्टवेअरपर्यंत पोचतो.

तेव्हा एक विनंती : कपाटातला लॅपटॉप काढा, हे तीन प्रश्न विचारा आणि मिळालेलं उत्तर चार ओळींत, मराठीत, लिहून इतरांना पाठवा. कुणा शाळकरी मुलाच्या हाती तो चालता लॅपटॉप पडेल.