ओढेल, पण थांबेल का?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाचा भाव, जिनिंगचा काटा, व्यापाऱ्याची कटती यांवर आपण नेहमीच बोलतो. आज हा माल काट्यापर्यंत नेणाऱ्या गाडीबद्दल बोलू. ऐन सीझनमध्ये ट्रॅक्टर भररस्त्यात बंद पडतो. मागे कापसाची ट्रॉली, वर आभाळ भरून आलेले, मजूर खोळंबलेले. मग आपण गावातला पिकअप बोलावतो, दोर बांधतो आणि म्हणतो, 'चल, ओढेल!' आणि तो ओढतोही. सपाट रस्त्यावर चाकांवरचे वजन ओढायला फार जोर लागत नाही. आपली फसगत होते ती इथेच. ओढण्याला इंजिन पुरते, थांबण्याला पुरत नाही.

हिशेब मांडून पाहू

रिकामा पिकअप साधारण पावणेदोन टनांचा. त्यात सव्वा टन माल भरला की झाले तीन टन. ब्रेक, टायर, पाटे, क्लच हे सगळे एवढ्याच बेताने बनवलेले असते. आता मागे बांधा २ टनांचा ट्रॅक्टर, दीड टनाची ट्रॉली आणि तीत ३० क्विंटल कापूस, म्हणजे ३ टन. मागचेच झाले साडेसहा टन. रिकामा पिकअप धरून सव्वाआठ. तीन टनांच्या ब्रेकांना आपण आठ टन थांबवायला सांगतो. दहा फुटांना एक फूट असा उतार लागला, तर हे वजन जवळपास आठ क्विंटलच्या जोराने गाडीला खाली रेटते.

बैलगाडीचे आपल्याला ठाऊक आहे. उतार लागला की भार मागून बैलांच्या मानेवर येतो, आणि बैलच तो अडवून धरतात. पिकअपलाही तेच करावे लागते. पण रिकाम्या पिकअपची मागची चाके हलकी असतात. टायरची पकड त्याच्यावरच्या वजनाइतकीच. ब्रेक दाबला की चाके जाम होतात आणि गाडी घसरतच राहते. शिवाय दोर ओढू शकतो, अडवू शकत नाही. पुढचा थांबला की मागचा येऊन आदळतो. वेग दुप्पट केला तर थांबायला अंतर चौपट लागते, हेही ध्यानात ठेवा.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, आधी ट्रॉली सोडवा. तिच्या चाकांना दगड लावा आणि ती दुसऱ्या ट्रॅक्टरने न्या. ट्रॅक्टरचे काम ट्रॅक्टरनेच करावे. पिकअपने ओढायचेच तर एकटा रिकामा ट्रॅक्टर, तोही सपाट रस्त्याने, जवळच्या गॅरेजपर्यंत. घाट असेल तर नाही. बंद पडलेला ट्रक तर पिकअपला कधीच बांधू नये. त्याचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिन बंद पडून हवा उतरली की एक तर ब्रेक लागतच नाहीत, नाही तर चाके जाम होतात.

दुसरी गोष्ट, दोर बंपरला बांधू नका. चेसिसच्या हुकालाच बांधा. लोखंडी दांडा मिळाला तर दोरापेक्षा बरा, कारण तो मागच्या गाडीला आदळू देत नाही. दोर असेल तर त्याच्या मध्यावर लाल फडके बांधा. दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, नियमही हेच सांगतो. दोर हळूहळू ताणा, हिसका देऊ नका. ताणलेला दोर तुटला की चाबकासारखा परततो. त्याच्या टप्प्यात पोरेसोरे उभी राहू देऊ नका.

तिसरी गोष्ट, मागच्या गाडीवर परवान्याचा, जाणता माणूसच बसवा. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि दोन्ही ब्रेक-पेडल एकत्र जोडा. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन बंद असताना ते जड जाते. निघण्याआधी ब्रेक लागतो का ते पाहा आणि हाताच्या खुणा ठरवा. वेग ताशी वीसच्या आत ठेवा. उतारावर खालचा गिअर टाका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणे म्हणजे इंजिनचा ब्रेक आपल्या हाताने काढून टाकणे. अंधार पडला तर ओढूच नका. सकाळपर्यंत थांबा, पण तोवर गाडी रस्त्याच्या कडेला घ्या आणि मागून येणाऱ्याला दिसेल अशी खूण ठेवा.

दंड आणि विमा

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. जास्तीचे वजन नेले तर कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वर जादा दर टनाला २,००० रुपये दंड आहे. माल उतरवण्याचा खर्चही आपलाच. एका क्विंटलमागे हातात काय उरते ते तुम्ही जाणता. हा दंड किती क्विंटलांची कमाई खातो याचा हिशेब घरी करा. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात पहिला वाद वजनाचाच निघेल. आणि गेलेला माणूस कुठलाही विमा परत आणत नाही.

म्हणून मेळाव्यातून घरी गेलात की एक काम करा. गाडीचे नोंदणी पुस्तक काढा. त्यात भरलेल्या गाडीचे एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन लिहिलेले असते. एकातून दुसरे वजा करा. उरेल तेवढाच माल तुमच्या पिकअपचा. तो आकडा दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहा. जिनिंगच्या काट्यावर कापूस तोलतोच, एकदा आपली गाडीही तोलून घ्या. कापूस असो, ज्वारीची पोती असोत की कडबा, ड्रायव्हर भाऊ असो की भाड्याचा, तो आकडा त्याला वाचायला लावा.