युद्धानंतरचे पाणी : पानिपतच्या कालव्याचा बोध

पानिपत शहराबाहेर काला अंब नावाचे एक स्थळ आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे आणि अहमदशहा अब्दाली यांच्यात जो संग्राम झाला, त्याचे स्मारक तेथे उभे आहे. रणात सांडलेल्या रक्ताने तेथील आंब्याचे झाड काळे पडले, अशी लोककथा सांगतात. तो आंबा आता राहिलेला नाही. त्याच्या जागी विटांचा एक स्तंभ आहे. महाराष्ट्रातून येणारा प्रवासी या स्तंभापुढे नतमस्तक होतो, सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव यांचे स्मरण करतो आणि जड मनाने परततो. भोवतालच्या शेतांकडे त्याचे लक्ष सहसा जात नाही.

आजच्या व्याख्यानाचा विषय ती शेते आणि त्यांना मिळणारे पाणी हा आहे. लढाई एका दिवसात संपली. परंतु ज्या मुलखात ती झाली, त्या मुलखाच्या कालव्यात पाणी पुन्हा खेळू लागण्यास सुमारे साठ वर्षे जावी लागली. आणि ते आले तेव्हा आपल्याबरोबर रोगराई घेऊन आले. असे का व्हावे, याचा विचार केला तर युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या प्रदेशांत पाण्याची योजना कशी आखावी, या आजच्या प्रश्नावरही पुष्कळ प्रकाश पडतो.

प्रथम या भूमीचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. यमुनेच्या काठची सखल जमीन ‘खादर’ म्हणून ओळखली जाते, आणि नदीपासून दूरची उंच जमीन ‘बांगर’ या नावाने. खादरात विहिरीला पाणी चटकन लागते. बांगरात ते खोल असते, काही ठिकाणी खारेही असते. म्हणून या उंच पट्ट्यात मनुष्यवस्तीचे भवितव्य पावसावर किंवा कालव्यावर अवलंबून राहिले. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने यमुनेचे पाणी हिसारकडे वळवले. हे करताना चौतंग नदीच्या जुन्या पात्राचा उपयोग करून घेण्यात आला. पुढे हा कालवा गाळाने भरला. अकबराच्या कारकिर्दीत तो उकरून पुन्हा वाहता करण्यात आला. शहाजहानने दिल्लीत नवी राजधानी वसवली, तेव्हा त्याच प्रवाहाची एक शाखा शहरापर्यंत नेण्यात आली. लाल किल्ल्याच्या महालांतून आणि चांदणी चौकातून ते पाणी वाहत असे. अली मर्दानखानाचे नाव या कामाशी जोडले जाते.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात येते. हा कालवा कोणा एकाने एकदा बांधला आणि तो टिकला, असे कधीच झाले नाही. त्याला दर पिढीला माणसे लागत. गाळ काढणारी, फुटलेले बांध सांधणारी, मुखाशी पाणी वळवणारा तात्पुरता बंधारा पावसाळ्यानंतर पुन्हा घालणारी माणसे असतील, तोवरच तो वाहत असे. म्हणून हा कालवा म्हणजे केवळ जमिनीतला चर नव्हता. ती शांततेच्या काळातच तग धरणारी एक व्यवस्था होती.

अठराव्या शतकात नेमकी हीच व्यवस्था मोडली. १७३९ मध्ये नादिरशहाने येथून जवळच कर्नाळला मोगल फौजेचा पराभव केला. त्यानंतर अब्दालीच्या स्वाऱ्या सुरू झाल्या. १७६० च्या ऑक्टोबरात मराठ्यांनी कुंजपुरा जिंकला आणि त्याच महिन्यात अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडून त्यांचा दिल्लीशी असलेला संबंध तोडला. पुढे दोन-अडीच महिने दोन प्रचंड छावण्या समोरासमोर पडून राहिल्या. सैनिक, बुणगे, घोडे, बैल यांच्या त्या गर्दीत दाणावैरण तुटली. मेलेली जनावरे उचलण्याचीही सोय उरली नाही आणि छावणीत दुर्गंधी पसरली. सैन्याचा इतिहास लिहिणारे याचे वर्णन करतात ते पराभवाचे एक कारण म्हणून. तथापि, छावण्या उठल्यावर त्या गावांचे काय झाले असेल, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ज्या गावांची वैरण, धान्य आणि बैल लुटले गेले, त्या गावांनी कालव्याचा गाळ कोणत्या बळावर काढावा?

कालवा एकट्या पानिपतच्या लढाईमुळे आटला, असे म्हणणे बरोबर होणार नाही. तो शतकाच्या मध्यापर्यंत क्षीण होत गेला होताच. लढाईनंतरही स्वाऱ्या, खंडणी आणि सत्तांतरे चालूच राहिली आणि १७८३-८४ मध्ये ‘चालिसा’ म्हणून कुप्रसिद्ध असलेला दुष्काळ आला. कालवा वाहता असता तर त्या दुष्काळाची झळ काही अंशी तरी कमी झाली असती. युद्धाचे बळी रणांगणावरच मोजून संपत नाहीत, ते असे. ज्या दिवशी तलवार म्यान होते, त्या दिवसापासून कोरड्या पाटाचे बळी सुरू होतात.

१८०३ मध्ये दिल्ली इंग्रजांच्या ताब्यात गेली. १८१७ मध्ये लेफ्टनंट ब्लेन या अधिकाऱ्याकडे कालव्याच्या जीर्णोद्धाराचे काम सोपवण्यात आले आणि १८२० मध्ये दिल्लीत पुन्हा कालव्याचे पाणी पोचले. १८२५ मध्ये हांसीकडील शाखाही वाहू लागली. ओसाड शिवारे पुन्हा लागवडीस आली. त्या वेळच्या लोकांना हे पुनर्निर्माणाचे आदर्श उदाहरण वाटले असल्यास नवल नाही.

परंतु या जीर्णोद्धारात एक मूलभूत उणीव राहून गेली होती. काम लवकर आणि थोड्या खर्चात व्हावे म्हणून जुनीच वाट उकरण्यात आली. ही वाट बऱ्याच ठिकाणी जमिनीच्या सखल भागातून, म्हणजे पावसाच्या पाण्याच्या नैसर्गिक ओघळींतून गेलेली होती. कालवा उंच धारेवरून नेला तर दोन्ही बाजूंच्या शेतांना उताराने पाणी देता येते आणि पावसाचे पाणी खालच्या ओढ्यांतून आपल्या वाटेने निघून जाते. तोच कालवा सखल भागातून नेला तर त्याचे पाणी शेतांच्या पातळीवर आणण्यासाठी दोन्ही कडांना बांध घालावे लागतात. हे बांध पावसाच्या पाण्याची वाट अडवतात. शिवाय बांधांतून पाणी झिरपत राहते आणि जमिनीखालची पाण्याची पातळी वर्षागणिक वर चढते.

कर्नाळ-पानिपतच्या पट्ट्यात हेच घडले. कालव्याकाठी पाणथळ जागा आणि डबकी निर्माण झाली. खालचे क्षार वर येऊन जमिनीवर पांढरा थर धरला. त्याला तेथे ‘रेह’ म्हणतात. आपल्याकडील नीरेच्या आणि कृष्णेच्या काठचा शेतकरी अशा जमिनीला चिबड किंवा क्षारपड म्हणतो आणि तिचे दुःख त्याला समजावून सांगावे लागत नाही. त्याहून गंभीर होता तो हिवताप. कर्नाळची इंग्रज छावणी त्यापायी १८४० च्या सुमारास सोडून देण्याची पाळी आली. गंगेचा मोठा कालवा पुरा होण्यापूर्वी सरकारने मेजर बेकर, डॉ. डेम्पस्टर आणि लेफ्टनंट यूल यांची समिती नेमून या भागाची पाहणी करवली. डेम्पस्टर यांनी गावोगाव लोकांची पोटे चाचपून प्लीहा वाढलेल्यांचे प्रमाण काढले. हिवताप डासांमुळे पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी सिद्ध केले ते १८९७ मध्ये, त्यानंतर तब्बल अर्धशतकाने. रोगाचे कारण ठाऊक नसतानाही समितीने १८४७ मध्ये जो निष्कर्ष काढला तो अचूक होता. दोष पाण्याचा नव्हता. पाण्याला निघून जाण्यास वाट न ठेवण्याचा होता. पुढे १८७० नंतरच्या काळात ताजेवाला येथे पक्के मुख बांधले गेले, कालव्याच्या शाखा उंच धारेवर नव्याने आखण्यात आल्या आणि निचऱ्याचे चर खणण्यात आले. जे काम १८१७ मध्ये व्हावयास हवे होते, ते पुरे होण्यास दोन पिढ्या लागल्या.

येथून पहिला बोध मिळतो. युद्धाने मोडलेली पाण्याची व्यवस्था ‘होती तशी’ उभी करणे म्हणजे पुनर्निर्माण नव्हे. जुन्या रचनेत जुने दोषही असतात. विध्वंस ही आपत्ती खरीच. परंतु तोच नकाशा पुन्हा पाहण्याची संधीही असते. आलेल्या प्रत्येक घागरीला जाण्याची वाट असली पाहिजे. पिण्याचे पाणी आणले आणि सांडपाण्याचा विचार केला नाही, तर कर्नाळचेच प्रकरण नव्या नावाने पुन्हा घडते.

आधुनिक युद्धाने या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला आहे. आजची पाणीयोजना विजेवर चालते. १९९१ च्या आखाती युद्धात इराकमधील वीजकेंद्रांवर बाँब पडले. पंप थांबले, शुद्धीकरण बंद पडले आणि शहरांचे मैलापाणी नद्यांत जाऊ लागले. पाठोपाठ पटकीची साथ आली. जलशुद्धीकरण केंद्राला धक्का न लावताही शहर तहानेलेले ठेवता येते, हे त्या युद्धाने दाखवून दिले. पिण्याच्या पाण्याची आणि सिंचनाची साधने लोकांचा तो आधार हिरावण्यासाठी नष्ट करू नयेत, असे १९७७ च्या जिनीव्हा पूरक मसुद्यात नमूद आहे. तथापि, नियम असूनही अशी साधने उद्ध्वस्त झाल्याची उदाहरणे थांबलेली नाहीत.

अशा वेळी कामाचा क्रम ठरवावा लागतो. मदतकार्य करणाऱ्या संस्थांनी सर्वसंमतीने काही किमान मापे ठरवली आहेत : दर माणशी दररोज निदान १५ लिटर पाणी, एका नळावर २५० पेक्षा अधिक माणसे नसावीत, आणि घरापासून नळ ५०० मीटरच्या आत असावा. त्या पाण्यात क्लोरिनचा थोडा अंश शिल्लक राहिला पाहिजे, कारण ते नळापाशी नव्हे तर घरातल्या भांड्यात दूषित होते. हे झाले पहिल्या आठवड्यांचे काम. त्यानंतर पंप, वीज आणि नळांची दुरुस्ती. आणि सर्वांत शेवटी कायम स्वरूपाची योजना. धोका असतो तो हा, की पहिली पायरीच कायमची होऊन बसते. टँकर येत राहतो आणि विहीर दुरुस्त करण्याची निकड कोणाला वाटेनाशी होते.

दुसरा बोध न्यायाचा आहे. १९४७ च्या फाळणीत पानिपतमधील मुस्लिम रहिवाशांपैकी बहुसंख्य निघून गेले आणि पश्चिम पंजाबातून आलेले निर्वासित तेथे वसले. पूर्व पंजाबात आलेल्या शेतकऱ्यांनी मागे सोडलेली जमीन सुमारे ६७ लाख एकर होती. वाटपास उपलब्ध होती सुमारे ४७ लाख एकर. शिवाय मागे राहिलेल्या जमिनीत कालव्याखालची जमीन अधिक होती. एकरास एकर देणे हा उघड अन्याय ठरला असता. तेव्हा पुनर्वसन खात्याचे तरलोक सिंग यांनी ‘प्रमाण एकर’ ही कल्पना योजली. दहा-अकरा मण गहू देणारी जमीन ती एक प्रमाण एकर. कोरडवाहू जमिनीचे मूल्य कमी धरले गेले, पाण्याखालच्या जमिनीचे अधिक. ज्याची जमीन मोठी, त्याला कपातही मोठी. पुनर्वसनाचे माप जमिनीच्या लांबीरुंदीवर नव्हे, तर तिच्यातील पाण्यावर आणि उत्पन्नावर ठरवणारी ही योजना होती. युद्धोत्तर पाणीवाटपात असे सर्वांना समजेल आणि पटेल असे माप नसेल, तर नवा कालवा नव्या भांडणाचे कारण होतो.

तिसरा बोध त्याच कालव्याने अगदी अलीकडे दिला. फेब्रुवारी २०१६ मध्ये हरियाणातील आरक्षण आंदोलनाच्या वेळी कर्नाळ जिल्ह्यातील मुनक येथे कालव्याचे पाणी अडवले गेले आणि कालव्याची नासधूस झाली. दिल्लीची शुद्धीकरण केंद्रे बंद पडू लागली, शाळांना सुटी द्यावी लागली आणि अखेर सेनादलाला दरवाजांचा ताबा घ्यावा लागला. युद्ध नव्हते, शत्रू नव्हता. तरीही कोट्यवधींच्या शहराचे पाणी काही दिवसांत संकटात आले. सारे शहर एकाच धाग्यावर टांगू नये, हा त्यातला पाठ. पर्यायी मार्ग, साठवण आणि स्थानिक विहिरी या चैनीच्या गोष्टी नाहीत.

आणि शेवटी माणसांचा प्रश्न. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर पूर्वी फड पद्धत चालत असे. बंधाऱ्याखालच्या शेतांचे फड पाडायचे, कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे ते सर्वांनी मिळून ठरवायचे, पाटकऱ्याने पाळीप्रमाणे पाणी सोडायचे, पाटातला गाळ सर्वांनी काढायचा. राज्ये बदलली तरी ही पद्धत कित्येक पिढ्या चालली, कारण तिचे नियम गावाच्या हाती होते. यमुनेच्या कालव्याची मदार मात्र सत्तेवर होती. सत्ता डळमळली की पाणी थांबे. युद्धानंतर नवी योजना आखणाऱ्या अभियंत्याने हा फरक मनाशी बाळगावा. परदेशातून आलेला पंप बसवणे सोपे असते. तो बिघडल्यावर सुटा भाग कोठे मिळेल, दुरुस्ती कोण करील आणि तिचा खर्च कोण देईल, या प्रश्नांची उत्तरे गावात असतील तरच ती योजना गावाची होते.

काला अंबच्या स्तंभापाशी उभे राहिले असता पराभवाची सल मनात उठते, ती उठावी. परंतु त्या परिसरात आज ज्याची शेती आहे, त्या शेतकऱ्याला भूजल वर्षागणिक खाली जात असल्याची चिंता आहे. जेथे एकेकाळी पाणी फार झाले म्हणून माणसे तापाने मरत, तेथे आज नलिकाविहिरी अधिकाधिक खोल न्याव्या लागत आहेत. म्हणजे त्या भूमीच्या पाण्याचा हिशेब अद्याप जुळलेला नाही. रणात पडलेल्यांची स्मृती स्तंभ जपतो. मागे राहिलेल्यांचे जगणे मात्र पाटच जपतो, आणि तो दरसाल साफ करावा लागतो.