जपानी शिकायचंय? मग अॅप असं निवडा

(वर्तकनगर, ठाणे इथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय आहे, ‘नव्याने जपानी शिकणाऱ्याने कोणतं अॅप घ्यावं?’ सगळं शिकवणारं एकच अॅप नाही. पण कोणतं अॅप कोणत्या कामाचं, हे सांगता येतं. ते आधी कळलं तर तुमचं वर्ष वाचेल आणि कदाचित घरचे पैसेही.

विषय आत्ताच का, ते तुम्हाला दिसतंच आहे. मुंब्र्याच्या पुढे शिळफाट्याला बुलेट ट्रेनचा बोगदा येतो. बीकेसीपासून २१ किलोमीटर, त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. त्यामागे तंत्र जपानचं आणि कर्जही जपानचं. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपानने कुशल कामगारांसाठी करार केला. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही सरकारांनी ठरवलं की पाच वर्षांत भारतातून ५० हजार कुशल लोक जपानला जावेत. यामुळे आपल्या मोहल्ल्यांतही ‘अॅपवर शिका, तीन महिन्यांत जपान’ अशा जाहिराती फिरू लागल्या आहेत. म्हणून आधी हिशेब करू.

जपानी भाषेची जेएलपीटी नावाची परीक्षा आहे. तिच्या पाच पातळ्या, एन-५ सर्वांत सोपी. २०१० पूर्वी चारच पातळ्या होत्या आणि प्रत्येकीला किती अभ्यास लागतो याचा अंदाज दिलेला असे. सर्वांत खालच्या पातळीला १५० तास, सुमारे ८०० शब्द आणि १०० कांजी, म्हणजे चित्रलिपीतली अक्षरं. तिच्या वरच्या पातळीला ३०० तास, १,५०० शब्द, ३०० कांजी. आजच्या एन-५ आणि एन-४ साधारण त्याच जागी आहेत. कुशल कामगाराच्या व्हिसासाठी एन-४ किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा लागते, शिवाय कामाच्या कौशल्याची वेगळी परीक्षा.

आता रोज दहा मिनिटं अॅप उघडलं तर १५० तासांना किती दिवस? नऊशे. जवळजवळ अडीच वर्षं, तीही फक्त पहिल्या पायरीला. रोज पाऊण तास दिला तर दोनशे दिवस. तीन महिन्यांचं आश्वासन या हिशेबावर घासून बघा.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून एक आतली गोष्ट सांगतो. अॅप चालवणाऱ्यांचं पहिलं लक्ष रोज किती लोकांनी अॅप उघडलं या आकड्यावर असतं. तुम्ही किती शिकलात हे मोजणं अवघड, तुम्ही आलात हे मोजणं सोपं. म्हणून सलग दिवसांची साखळी, हिरे, घुबडाची आठवण. यात लबाडी नाही, पण साखळी म्हणजे अभ्यास नव्हे. ड्युओलिंगोने सवय लागते, भीती जाते. तेवढ्यासाठी जरूर वापरा. व्याकरण का बदललं हे समजून घ्यायला लिंगोडिअरसारखं अॅप जास्त बरं, कारण ते सुरुवातीपासून आशियाई भाषा डोळ्यांसमोर ठेवून बनवलंय. त्याचे बरेच धडे मात्र पैसे भरल्यावर उघडतात.

अॅपची निवड कामावरून करा. कामं पाच आहेत: लिपी, शब्द, व्याकरण, ऐकणं आणि बोलणं.

पहिलं काम लिपी. हिरागाना ४६ अक्षरं, काताकाना ४६. जपान फाउंडेशनची ‘हिरागाना मेमरी हिंट’ आणि ‘काताकाना मेमरी हिंट’ ही अॅप फुकट आहेत. इथे आपल्याला एक फायदा आहे. जपानी अक्षरांचा क्रम पाहा: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटतो ना? बौद्ध भिक्षूंनी नेलेल्या सिद्धम लिपीच्या आणि संस्कृतच्या अभ्यासातून तो तिकडे घडला. आणि एक नियम पाळा: इंग्रजी अक्षरांतलं जपानी बंद करता येत नसेल तर ते अॅप पंधरा दिवसांनंतर सोडा. इंग्रजीतल्या टी-ए वरून ‘ता’ की ‘टा’ हे कळत नाही. आपल्या लिपीत ते कळतं. टी-एस-यू म्हणजे मराठीत ‘चुना’ म्हणताना निघतो तो ‘चु’. पाण्याला ‘मिज़ु’ म्हणतात, त्यातला ज़ उर्दूतल्या ‘ज़रा’मधला. आपल्या घरात हे दोन्ही आवाज रोज निघतात.

दुसरं काम शब्द. त्यासाठी अँकी. हे नावच जपानी आहे, अर्थ पाठांतर. २००६ साली आलेलं हे अॅप विसरण्याच्या बेताला आलेला शब्द बरोबर त्या वेळी पुढे आणतं. अँड्रॉइडवर ‘अँकीड्रॉइड’ फुकट आहे. आयफोनवर पैसे लागतात, पण ब्राउझरमध्ये फुकट चालतं. मिळत्याजुळत्या नावाची दुसरी अॅपही आहेत, त्यामुळे नाव नीट वाचा. तयार पत्ते उतरवून घेण्यापेक्षा स्वतःचे बनवा, अर्थ मराठीत लिहा. उदाहरणार्थ, ‘बुतानिकु वा हाइत्ते इमासु का?’ म्हणजे ‘यात डुकराचं मांस आहे का?’ तिथे गेल्यावर आपल्याला पहिल्या दिवशी लागणारं हे वाक्य अॅपच्या पहिल्या धड्यांत सापडेलच असं नाही. घरचे विचारतील, तिथे आपलं कसं होणार? त्यांना सांगा, कोबे शहरात १९३५ पासून मशीद आहे आणि तिच्या वर्गणीत हिंदुस्थानी व्यापाऱ्यांचे पैसे होते.

कांजीसाठी वानीकानी नावाजलेलं आहे. पण पहिल्या तीन पायऱ्यांनंतर वर्गणी लागते आणि त्यातल्या लक्षात ठेवायच्या गोष्टी इंग्रजी शब्दांच्या खेळावर उभ्या आहेत. एन-५ पर्यंत त्याची गरज नाही. वही पुरते.

तिसरं काम व्याकरण. बहुतेक अॅप ते इंग्रजीतून शिकवतात आणि आपल्याला विनाकारण लांबचा वळसा घ्यायला लावतात. जपानी वाक्याचा क्रम मराठीसारखाच, क्रियापद शेवटी. ‘तोमोदाची नो होन’ म्हणजे मित्राचं पुस्तक. ‘नो’ म्हणजे आपला चा-ची-चे. ‘ठाणे कारा मुंबई मादे’ म्हणजे ठाण्याहून मुंबईपर्यंत. ज्यांचं इंग्रजी कच्चं आहे आणि त्याची लाज वाटते, त्यांनी हे ऐकून ठेवा. इथे तुमचं मराठी आणि उर्दू कामाला येतं. धडा इंग्रजीत असला तरी वहीत मराठीत लिहा.

चौथं काम ऐकणं. एनएचके वर्ल्डचे ‘ईझी जॅपनीज’चे ४८ छोटे धडे फुकट आहेत, हिंदीत आणि उर्दूतही. जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ हे पाठ्यपुस्तक ऑडिओसकट फुकट उतरवता येतं. कामासाठी जाणाऱ्याने हेच धरावं. घरात एकच फोन असेल तर ऑडिओ उतरवून ठेवा, नेट नसतानाही ऐकता येतं.

पाचवं काम बोलणं. ते कोणतंही अॅप पुरेसं शिकवत नाही. जेएलपीटीतही बोलण्याची परीक्षा नसते, त्यामुळे प्रमाणपत्र असूनही तोंड न उघडणारे निघतात. इथे माणूस लागतो. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकवतात. जमलं तर वर्गाला जा. पण संध्याकाळी लोकलने दादर गाठणं सगळ्यांना, विशेषतः मुलींना, घरून जमू दिलं जात नाही. म्हणून चौघांचा गट करा आणि आठवड्यातून दोन तास मोठ्याने वाचा. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकू आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. हा फरक समोरचा हसला की कायमचा लक्षात राहतो.

आता पैशाचं. अॅपची वर्षाची वर्गणी पहिल्या महिन्यात भरू नका. एजंट अॅपसोबत नोकरीचं पॅकेज विकत असेल तर त्याची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटाला नियमाने ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर, एवढंच सेवाशुल्क घेता येतं. अम्मीचे दागिने मोडायला लावणारा माणूस तुम्हाला जपानला नेणार नाही.

परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, अर्ज काही महिने आधी. आज घरी जाऊन दहा अॅप भरू नका. तीनच घ्या: लिपीचं, अँकी आणि ऐकायचे धडे. दोन आठवड्यांत हिरागानाची ४६ अक्षरं न बघता लिहिता आली तर पुढे जा. नाही आली तर आणखी एक आठवडा द्या.

दोन आठवड्यांनी रविवारी सकाळी दहाला याच जागी गट बसेल. वही घेऊन या. आणि घरात बहीण असेल तर तिलाही सोबत आणा, तिचा अभ्यास कदाचित तुमच्यापेक्षा लवकर होईल.